फ्रेम उलटी करून बघा

जुनी सायकल नव्याने उभी करण्याचा हिशेब पैशांत जुळत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. वीस-बावीस किलोची काळी, दणकट सायकल भंगारवाला वजनावर नेतो आणि हातावर पाच-सहाशे रुपये टेकवतो. तीच सायकल रंग, टायर-ट्यूब, सीट, ब्रेक, छर्रे आणि मजुरी असे सगळे करून रस्त्यावर आणायची म्हटली, तर तेवढ्या पैशांत नवी काळी सायकल सहज येते. हँडल आणि रिमला क्रोमचा मुलामा करून घ्यायचा हट्ट धरलात, तर खर्चाला धरबंध राहत नाही. आणि एवढे करून विकायला काढलीत, तर गिऱ्हाईक भंगाराच्या भावापासूनच घासाघीस सुरू करते.

तरी लोक करतात, आणि पुण्यात अलीकडे जरा जास्तच करतात. वाडे आणि जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या, की जिन्याखालच्या अंधारातून सायकली बाहेर येतात. साखळी गंजून एकजीव झालेली असते, टायरचे पापुद्रे निघालेले असतात, मागच्या मडगार्डवर कुणी पेंटरने कधीकाळी रंगवलेले आजोबांचे आडनाव असते. नगरपालिकेचा सायकल-कराचा बिल्लाही एखाद्या वेळी चिकटून राहिलेला सापडतो. बिल्डरने दिलेल्या तारखेच्या आत निर्णय घ्यायचा असतो आणि घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो ठेवू या, दुसरा विचारतो कुठे ठेवणार? दुसऱ्या पक्षाचा प्रश्न जास्त खरा आहे, पण त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांनी २०१७ मध्ये सुरू केलेले सायकल संग्रहालय पाहून आलेल्यांना तर घरातली प्रत्येक सायकल दुर्मीळ वाटू लागते. बहुतेक नसते.

निर्णय फ्रेमवर घ्यायचा, कारण बाकी बहुतेक सगळे मिळते. या बाबतीत आपण युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांपेक्षा नशीबवान आहोत. काळ्या सायकलीला लागणारा अठ्ठावीस बाय दीडचा टायर, म्हणजे ज्याची रिम ६३५ मिलिमीटरची, तिकडे बहुतेक ठिकाणी खास मागवावा लागतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावातल्या दुकानात तो आढ्याला टांगलेला असतो. सळईचे ब्रेक, त्यांचे रबर, कॉटर पिना, पायडली, चेनकव्हर हे सगळे लुधियानात अजून बनते. चाक वाकडे असेल तर आउट काढता येतो, काढण्यापलीकडे गेले असेल तर रिम बदलता येते. हँडल बदलते, सीट बदलते. बदलत नाही ती फ्रेम. ती बदलली की तुम्ही दुसरीच सायकल घेऊन बसलेले असता.

आता पहिला मोह नावाचा. समोरच्या बिल्ल्यावर 'रॅले' वाचले की मनात थेट नॉटिंगहॅम येते. १८८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे ही कंपनी सुरू झाली आणि तिथला कारखाना २००२ मध्ये बंद पडला, हे खरे. पण स्वातंत्र्यानंतर आयात आवळली गेली आणि हीच नावे इथल्या कारखान्यांतून निघू लागली. सेन-रॅलेचा कारखाना बंगालमध्ये आसनसोलला होता. हर्क्युलिस मद्रासजवळच्या अंबत्तूरला टीआय सायकल्सच्या कारखान्यात बनू लागली. ही कंपनी १९४९ ची. बीएसएचे नावही पुढे त्याच घरात आले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही आजारी पडलेल्या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण संसदेने १९८० च्या एकाच कायद्याने केले, आणि पुढे त्या दोन्ही इतिहासजमा झाल्या. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. तो जागतिक सायकल दिन होता. योगायोगालाही कधीकधी चव नसते.

तेव्हा नावावरून विलायती की देशी हे ठरत नाही. खुणा दुसरीकडे शोधायच्या. जुन्या रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्याची डोकी कोरलेली असतात, हंबरच्या चेनव्हीलमध्ये हातात हात घातलेली माणसे, रज्-व्हिटवर्थच्या चेनव्हीलमध्ये पंजा, बीएसएच्या चेनव्हीलमध्ये ती तीन अक्षरे. हंबरच्या काही सायकलींना पुढचा चिमटा, म्हणजे चाक धरणारा फोर्क, चार काड्यांचा असे. तो एकदा पाहिला की विसरत नाही. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरची तीन गिअरची हब असेल तर तिच्या पोटावर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. ५८ आणि ७ दिसले तर हब जुलै १९५८ ची. पण चाके बदलतात, चेनव्हीलही बदलते. चाळीस वर्षांत तीन मालक आणि डझनभर मिस्त्री झालेल्या सायकलीवर एका भागाची साक्ष दुसऱ्याला लागू धरू नये. फ्रेमचा नंबर सीटखालच्या लगवर (नळ्या जोडणाऱ्या तुकड्यावर), सीटच्या नळीवर किंवा खालच्या बाजूला ठोकलेला असतो. रंगाच्या थरांखाली तो दिसत नसेल तर बोटाने चाचपडा. आणि तो नीट टिपून ठेवा, कारण पुढे कुणी रंगवणाऱ्याने पॉलिश पेपर मारला की तो गेला.

पेठेतल्या एका बोळात, जिथे समोरून दुचाकी आली की सायकल उचलूनच वाट द्यावी लागते, तिथे एक वयस्कर मिस्त्री अजून सायकली ओव्हरऑल करतात. फ्रेम तपासण्याची त्यांची पद्धत पाहायला मी त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसत असे. बिल्ला, रंग, सोनेरी रेघा याकडे ते सुरुवातीला बघतच नाहीत. सीट काढतात, फ्रेम उलटी करतात आणि दोन्ही हातांनी हलवतात. सीटच्या नळीतून काय बाहेर पडते ते खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर पाहायचे. चिमूटभर तांबूस धूळ पडली तर ते फ्रेम पुन्हा सरळ करतात. खपल्या पडू लागल्या तर मान हलवतात. एकदा तर मूठभर खपल्यांबरोबर कुंभारणीचे मातीचे घरटेही पडले.

पाणी फ्रेममध्ये वरून शिरते, सीटच्या फटीतून आणि हँडलच्या कपातून, आणि खाली जाऊन साठते. खाली म्हणजे पायडलचा आस ज्या आडव्या नळीतून जातो, दुकानात जिला बी. बी. म्हणतात, तिच्यात. म्हणून फ्रेम आतून कुजते ती तिथून. बाहेरून चकचकीत आणि बी. बी.च्या पोटाशी स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार, असेही होते. देशावरच्या कोरड्या हवेत पडवीत उभी राहिलेली सायकल वरून कितीही भयाण दिसली तरी आतून बहुधा ठणठणीत निघते. कोकणातून आलेल्या फ्रेमवर मात्र मिस्त्री विश्वास टाकत नाहीत. रत्नागिरीकडून मावशीच्या घरातली सायकल घेऊन आलेले एक निवृत्त बँक अधिकारी तिथे होते. सायकलीवर दरवर्षी तेलाचा हात फिरवला होता, काळा रंग आरशासारखा. मिस्त्रींनी सीटची नळी पान्याने हलकेच ठोकत खालपर्यंत नेली. वर टणटण वाजणारा आवाज खाली येता येता बद्द झाला. "साहेब, वरून पुसली आहे हो, पण खारी हवा आतून शिरते," ते म्हणाले. साहेबांना ते पटले नाही. त्यांनी फ्रेम परत नेली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. गंज दिसला की घाबरणारे लोक फार. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो; त्यामुळे जेवढा जाड थर दिसतो, तेवढी नळी खाल्ली गेलेली नसते. काळ्या सायकलीची नळी चांगली जाड असते. तिच्यावरचा तपकिरी साय आल्यासारखा गंज पितळी ब्रशने निघतो आणि खाली धातू शाबूत असतो. खड्डे पडले असतील तर नखाने जाणवतात. थोडे खड्डे चालतात. आरपार गेलेले चालत नाहीत, आणि नळीच्या जोडाजवळचे तर मुळीच नाहीत.

गंजापेक्षा जुन्या अपघाताची भीती जास्त धरावी. अपघात झालेला आजोबांनी घरी सांगितलेला नसतो. हँडलच्या उभ्या नळीला वरची आणि तिरकी अशा दोन नळ्या जिथे मिळतात, त्याच्या जरा मागे, खालच्या अंगाने, बोट फिरवायचे. समोरून धडक बसली असेल तर तिथे बारीक उंचवटा किंवा सुरकुती लागते, रंगाला आडव्या चिरा गेलेल्या असतात. मग चिमट्याकडे बाजूने बघायचे. त्याच्या काड्या वाक सुरू होईपर्यंत उभ्या नळीच्या सरळ रेषेत हव्यात. त्या आत, सायकलीच्या पोटाकडे झुकल्या असतील तर धडक झाली आहे. वाकलेला चिमटा सरळ करून देणारे भेटतील. करू नका, बदला. वेगात उतारावर चिमटा तुटला तर दात हिशेबात धरावे लागतात.

फ्रेम सरळ आहे की नाही हे पाहायला मशीन लागत नाही, सुतळी लागते. मागच्या चाकाच्या खाचेला एका बाजूने सुतळी बांधायची, ताणून पुढे हँडलच्या उभ्या नळीला वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत आणायची. आता सुतळी आणि सीटची नळी यांच्यातले अंतर दोन्ही बाजूंना मोजायचे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक काही बिघडवत नाही. दहा मिलिमीटर असेल तर मागचा भाग कुणाच्या तरी ओझ्याखाली सरकला आहे. दुधाच्या कॅन वाहणाऱ्या सायकलींत हे नेहमीचेच. पण पोलादाची एक गोष्ट चांगली: ते थंडच वाकवून जागेवर आणता येते. अनुभवी माणूस लाकडी ओंडका आणि लांब पहार घेऊन मागचे त्रिकोण सरळ करतो, पुन्हा सुतळी लावतो, पुन्हा जरा दाबतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमशी असा खेळ करू नये. कार्बनच्या फ्रेमशी तर नाहीच.

मग आटे. इथे भल्याभल्या फ्रेमी मेल्या आहेत, आणि मेल्या त्या गंजाने किंवा अपघाताने नाही, तर हौशी दुरुस्तीने. बी. बी.च्या दोन्ही बाजूंना कप आट्यांवर बसतात. चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेला माणूस तो काढायला जोर लावतो, म्हणजे खरे तर तो आणखी घट्ट करत असतो. त्याहून मोठी गोम रॅलेच्या फ्रेममध्ये आहे. इंग्लंडच्या बाकी कारखान्यांनी इंचाला २४ आटे ठेवले, रॅलेने स्वतःचे २६ ठेवले. कपाचा व्यास जवळपास तोच. त्यामुळे २४ चा कप २६ च्या आट्यांत पहिले दोन वेढे गुण्यागोविंदाने जातो, मग अडतो. अडल्यावर जो माणूस लांब पाना घेऊन येतो तो फ्रेमचा शत्रू. फ्रेम घेताना कप काढून आटे बघता आले तर बघा. चकाकणारे, तुटक, तिरके गेलेले आटे दिसले तर ती फ्रेम पुन्हा धड करायला आटे पाडणारा चांगला टर्नर लागेल. तो मिळणे आजकाल मिस्त्री मिळण्यापेक्षाही अवघड आहे.

अडकलेली सीटची दांडी ही आणखी एक परीक्षा. दांडी निघत नसेल तर घाई करू नये. गंज सोडवणारे तेल घालून आठवडाभर ठेवायचे, रोज थोडे ठोकायचे, मग नळी बाहेरून तापवायची. बहुतेक निघतात. जी निघत नाही तिच्यासाठी नळी कापायची वेळ आली, तर फ्रेम तेवढ्या मोलाची आहे का हे आधी ठरवायला हवे.

मोलाची म्हणजे कशी? सीटच्या नळीवर 'रेनॉल्ड्स ५३१' असे लेबल किंवा त्याची पुसट खूण असेल तर थांबा. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये बाजारात आणलेले हे मँगनीज-मॉलिब्डेनमचे पोलाद. या नळीची भिंत मधल्या भागात एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते आणि टोकांना, जिथे जोड येतो, जाड. अशी फ्रेम उचलली की हातालाच कळते. जुन्या शर्यतीच्या सायकलींत ती सापडू शकते. मुंबई-पुणे शर्यतीच्या काळात ज्यांनी सायकल मनावर घेतली होती, त्यांच्या घरच्या माळ्यावर नजर टाकायला हरकत नाही. पण पातळ नळी म्हणजे गंजाला कमी सवलत. काळ्या सायकलीवर जो खड्डा मी माफ केला, तो ५३१ वर करणार नाही.

एवढ्या तपासणीतून फ्रेम पास झाली, की मग लोक सगळ्यात मोठी चूक करतात. तिला पावडर कोटिंगला पाठवतात. स्वस्त, चटकन, चकाचक. आधी वाळूचा फवारा मारून जुना रंग उतरवतात. त्याबरोबर लगच्या धारा बोथट होतात, नंबर पुसट होतो. मग भट्टीत वितळलेल्या पावडरीचा जाड थर बसतो, लगच्या नाजूक टोकांवर सूज चढल्यागत. आटे झाकले नसतील तर त्यांतही तो भरतो. हौशी माणूस फोटो काढतो, सगळे वा वा म्हणतात, आणि सायकल पाच वर्षांच्या स्वस्त जिम-सायकलीसारखी दिसू लागते. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेवर रंगाच्या खाली गंजरोधक फॉस्फेटचा थर दिलेला असे. सत्तर वर्षांनंतरही तो रंग टिकलेला दिसतो त्याचे हे एक कारण. तो थर फवाऱ्याबरोबर जातो आणि परत येत नाही.

माझे मत कडक आहे: मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तरी रंगवू नका. धुवा, गंज उतरवा, मेण चोळा. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पातळ द्रावणात गंज सुटतो आणि रंग, सोनेरी रेघा, कारखान्याच्या छापाचे अक्षर बऱ्याच अंशी राहते. ते विषारी आहे, हातमोजे घाला, पोरांपासून लांब ठेवा, नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढा. परदेशात साखरेच्या मळीत आठवडा-दोन आठवडे बुडवून गंज काढणारेही आहेत. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या कृपेने मळीला तोटा नाही, पण ती उत्पादन शुल्क खात्याच्या नजरेखाली असते. सायकलीसाठी दोन डबे मागायला गेलात तर अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटेल याची कल्पना करा. ज्या फ्रेमचा मूळ रंग आधीच कुणी हिरवा-निळा फासून घालवला आहे, तिला मात्र खुशाल रंगवा. पण फवारा नको. रंग काढायच्या जेलीने उतरवा आणि पातळ इनॅमलचे दोन-तीन हात द्या.

त्याच मिस्त्रींकडे एक तरुणी आजोबांची सेन-रॅले घेऊन आली होती. आजोबा शिक्षक होते, आयुष्यभर या सायकलीवर शाळेत गेले. तिला ती शोरूममधल्यासारखी करून हवी होती. फ्रेम उलटी केली, धूळ पडली, खपली नाही. सुतळीचा फरक नगण्य. आटे चांगले. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात आजोबांचे नाव आणि वरच्या नळीवर बारीक ओरखडे, तिच्या बाबांना लहानपणी तिथे बसवून नेताना पडलेले. मिस्त्री म्हणाले, "ताई, रंग लावायचा असेल तर दुसरीकडे न्या. मी छर्रे बदलतो, कप साफ करतो, चाकांचे आउट काढतो, टायर घालतो. चालवायला कोण आहे ते सांगा." तिने थोडा विचार करून सांगितले, मी चालवीन. ती खरेच ऑफिसला नेते असे मी ऐकले. ऑफिसचा सुरक्षारक्षक पहिल्या दिवशी ती मागच्या दाराने आत घ्यायला सांगत होता.

मिस्त्रींच्या प्रश्नाला मी फार महत्त्व देतो. हॉलच्या भिंतीवर टांगायची असेल तर फ्रेमच्या आतल्या गंजाची चिंता करू नका, आट्यांचीही करू नका. धुवा आणि टांगा, रुपयाचाही खर्च न करता काम होते. चालवायची असेल तर वरच्या सगळ्या कसोट्या, एकही न सोडता. आणि विकायची असेल तर काहीच करू नका. जाणकार घेणारा जुन्या रंगाचे पैसे देतो, तुमच्या नव्या रंगाचे नाही. या तिघांत न बसणारा चौथा प्रकार म्हणजे माळ्यावर ठेवून देणारे. त्यांच्यासाठी एकच: सीट काढून नळीचे तोंड बंद करा आणि फ्रेम उलटी ठेवा, म्हणजे आत पाणी साठणार नाही.

बऱ्याच फ्रेमी नापास होतात, हेही मान्य करायला हवे. तिरक्या नळीला सुरकुती, बी. बी.ला भोक, आटे गेलेले, अशा सायकलीवर पैसे घालणे म्हणजे आजोबांच्या नावाने स्वतःचा जीव धोक्यात घालणे आहे. अशी सायकल भंगारात गेली तर वाईट वाटून घेऊ नका. फक्त जाण्याआधी तिच्यावरचे चेनव्हील, समोरचा बिल्ला, स्टर्मी-आर्चरची हब असेल तर ती, चामड्याच्या सीटचा लोखंडी सांगाडा, सरळ असेल तर चिमटा आणि दोन्ही कप काढून ठेवा. तुमच्याच गावात कुणाची तरी पास झालेली फ्रेम यांच्यातल्या एखाद्या भागावाचून अडून पडलेली असते. जुन्या सायकली करणाऱ्या मिस्त्रीकडे हे नेऊन द्या. भंगारवाल्याला द्यायचीच तर नुसती फ्रेम द्या.